डिजिटल व्हर्नियरचे माप थेट संगणकात घेण्यासाठी मायक्रोकंट्रोलर कसा जोडावा? सल्ला हवा आहे

शिरोलीकर:

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे तीन लेथचे छोटे वर्कशॉप आहे. सध्या गनमेटलच्या बुशचे काम चालू असून रोज साधारण दोनशे नग निघतात. प्रत्येक नगाचा बाहेरचा व्यास आणि लांबी अशी दोन मापे इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये भरून द्यावी लागतात, म्हणजे रोजची चारशे मापे झाली. आज ही मापे वहीत लिहिली जातात. लिहिणाऱ्याच्या बोटांना कूलंट लागलेले असते, त्यामुळे पानावर डाग पडतात, आणि संध्याकाळी माझी मुलगी तेच आकडे एक्सेलमध्ये भरते. मागच्या महिन्यात वहीतला २९.९६ हा आकडा रिपोर्टमध्ये २६.९६ असा गेला आणि सगळी खेप परत तपासावी लागली. माल बरोबर होता, चूक फक्त लिहिण्याची होती; पण उत्तर द्यायला मला स्वतःला जावे लागले.

आमच्याकडचा व्हर्नियर साधा, १५० मिलिमीटरचा, बिनब्रँडचा डिजिटल आहे. त्याच्या डिस्प्लेच्या कडेला एक छोटे सरकते झाकण आहे आणि ते सरकवले की आत चार सोनेरी पट्ट्या दिसतात. त्यातून माप बाहेर काढता येते असे मी ऐकले आहे. मुलगी डिप्लोमाला आहे आणि तिच्याकडे अर्डुइनो ऊनो हा मायक्रोकंट्रोलरचा (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपचा) बोर्ड आहे. तिने दोन तारा थेट जोडून पाहिल्या, पण बोर्डला काहीच कळत नाही, सतत शून्यच दिसते. बोर्ड बदलावा, व्हर्नियर बदलावा की आमच्या जोडणीतच चूक आहे? मला इलेक्ट्रॉनिक्स फारसे कळत नाही, तेव्हा कारणासकट सांगितलेत तर उपकार होतील.

मोजमाप:

शिरोलीकर, जोडणीच्या आधी एक गोष्ट विचारतो, कारण पुढचा सगळा खर्च तिच्यावर अवलंबून आहे. ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारी कमीजास्त मुभा) किती आहे? तुमच्या व्हर्नियरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत आकडा दिसत असला तरी त्या जातीच्या उपकरणाची अचूकता साधारण अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर धरली जाते. दिसणारा शेवटचा आकडा आणि भरवशाचा शेवटचा आकडा एकच नसतो. बुशचे आतले भोक जर एच ७ या टॉलरन्सच्या ग्रेडमध्ये असेल, तर २५ मिलिमीटरच्या भोकाला सगळी मिळून ०.०२१ मिलिमीटरची मुभा असते, आणि ती या व्हर्नियरने तपासणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. ते माप तुम्ही संगणकात कितीही नेटकेपणाने भरलेत तरी त्याला अर्थ येणार नाही.

शिरोलीकर:

आतले भोक एच ७ च आहे, पण ते आम्ही गो-नोगो प्लग गेजने (एक टोक भोकात जावे, दुसरे जाऊ नये अशा गेजने) तपासतो आणि रिपोर्टमध्ये फक्त ‘ओके’ लिहितो. व्हर्नियरने घ्यायची मापे म्हणजे बाहेरचा व्यास ३० मिलिमीटर, एच ११ च्या पट्ट्यात, आणि लांबी ४० अधिक-उणे ०.१.

मोजमाप:

मग तुमचा व्हर्नियर या कामाला चालेल. ३० मिलिमीटरला अकराव्या ग्रेडमध्ये ०.१३ मिलिमीटरची मुभा मिळते. फक्त लेथवरून नुकताच उतरलेला गरम नग मोजू नका. गनमेटल एका अंशाला मीटरमागे सुमारे १८ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते. तेव्हा ४० मिलिमीटरचा बुश खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम असेल, तर तो जवळजवळ ०.०३६ मिलिमीटर लांब दिसेल. नग थंड होऊ द्यावा, मग मोजावा. जोडणीबद्दल तांबेतार सांगतील, त्यांनी हे काम केलेले आहे.

तांबेतार:

मुलीची जोडणी चुकलेली नसावी. दोन उपकरणांची बोलण्याची पातळी वेगळी आहे, एवढीच अडचण आहे.

व्हर्नियर एका एलआर ४४ सेलवर चालतो, म्हणजे त्याच्याकडे एकूण दीड व्होल्ट आहेत. तो ‘एक’ म्हणतो तेव्हा तारेवर दीड व्होल्ट येतात आणि ‘शून्य’ म्हणतो तेव्हा काहीच येत नाही. ऊनोवरची एटीमेगा ३२८पी चिप पाच व्होल्टवर चालते आणि तारेवर किमान तीन व्होल्ट आल्याखेरीज ती त्याला ‘एक’ मानेलच असे नाही. दीड व्होल्टपर्यंतचे सगळे तिच्या लेखी ‘शून्य’ असते. म्हणून तुम्हाला सतत शून्य दिसते. बोर्ड बदलून ईएसपी ३२ घेतलात तर तो ३.३ व्होल्टवर चालतो, पण त्यालाही सुमारे अडीच व्होल्ट लागतात. तेव्हा बोर्ड बदलणे हा उपाय नाही. एक सूचना आत्ताच देतो. अशी थेट जोडणी ठेवून बोर्डचे अंतर्गत पुल-अप (तारेला बोर्डच्या पाच व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर) चालू करण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नका. तसे केल्यास बोर्डचे पाच व्होल्ट दीड व्होल्टच्या चिपमध्ये शिरतात आणि व्हर्नियर कायमचा बिघडू शकतो.

उपाय स्वस्त आहे. दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि १० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणा. पुण्यात असता तर मी तपकीर गल्लीचे नाव सांगितले असते, पण हे सुटे भाग कोल्हापुरातही रेडिओ दुरुस्तीचे सामान ठेवणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतील. व्हर्नियरची क्लॉकची (प्रत्येक बिटच्या वेळेचा ठोका देणारी) तार ४७ किलोओहममधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला द्यायची. एमिटर ग्राउंडला जोडायचा. कलेक्टर १० किलोओहममधून बोर्डच्या पाच व्होल्टला जोडायचा आणि तिथूनच एक तार बोर्डच्या पिनला न्यायची. डेटाच्या (मापाचे बिट्स आणणाऱ्या) तारेला हीच रचना दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर करायची. व्हर्नियरचा ऋण टोकाचा पट्टा आणि बोर्डचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले हवेत. हे राहून गेले की माणूस तासन्‌तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

हे कसे चालते ते सांगतो. ट्रान्झिस्टरच्या बेसला चालू व्हायला साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट पुरतात, त्यामुळे दीड व्होल्टचा इशारा त्याला व्यवस्थित कळतो. उरलेल्या ०.८ व्होल्टमुळे ४७ किलोओहममधून जेमतेम १७ मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे व्हर्नियरच्या नाजूक आउटपुटवर भार पडत नाही. पलीकडे कलेक्टरला अर्धा मिलिअँपिअर हवा असतो. ट्रान्झिस्टरने शंभरपट वाढवले तरी १.७ मिलिअँपिअरची ताकद मिळते, म्हणजे गरजेच्या तिप्पट. पुष्कळ आराखड्यांत बेसला १० किलोओहम दाखवलेले असतात आणि तेही चालतात, पण मी जास्तीच्या बाजूने राहतो.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या रचनेत इशारा उलटा होतो. व्हर्नियरचा ‘एक’ बोर्डला ‘शून्य’ म्हणून दिसेल, आणि क्लॉकची चढती कड (शून्यावरून एकवर जाण्याचा क्षण) उतरती होऊन येईल. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बिट उलटवून घ्यावा.

आता त्या चार पट्ट्यांविषयी. त्यांत ऋण, डेटा, क्लॉक आणि धन अशी चार टोके असतात, पण क्रम सगळ्या व्हर्नियरमध्ये सारखा असतोच असे नाही, म्हणून चित्र पाहून जोडू नका. मल्टिमीटर घ्या आणि सेलच्या कप्प्यातल्या दोन टोकांशी कोणत्या पट्ट्या जुळतात ते बीपवर तपासा. उरलेल्या दोहोंतला क्लॉक कोणता आणि डेटा कोणता, हे जबडे पूर्ण मिटवून आणि झिरोचे बटण दाबून कळते. माप शून्य असताना डेटाची तार मजकूर (एका मापाचे सगळे बिट्स) येत असताना स्थिर राहते, क्लॉकची मात्र उड्या मारत असते. लॉजिक अ‍ॅनालायझर (तारेवरचे एक-शून्य पडद्यावर दाखवणारे उपकरण) उसना मिळाला तर ट्रान्झिस्टरच्या पलीकडे लावून एकदा डोळ्यांनी पाहाच. प्रोग्रॅम त्यानंतर लिहायला घ्या. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा न पाहता प्रोग्रॅम लिहीत बसलो आणि दोन रविवार गेले.

सोल्डरिंग करताना घाई नको. पट्ट्या पातळ असतात आणि सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकले तर उचकटून येतात. बारीक तार वापरा, आधी तारेच्या टोकाला कथिल चढवा, मग पट्टीला, आणि मग दोन्ही नुसते एकमेकांना टेकवा. तार बाहेर येते तिथे गरम गोंदाचा थेंब द्या, म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही.

मजकुराचे स्वरूप असे आहे. बाजारातल्या बहुतेक साध्या व्हर्नियरमधून एका वेळी २४ बिट्स येतात, सर्वांत लहान बिट आधी. पहिले २० बिट्स म्हणजे मापाचा आकडा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. त्यानंतरचा, एकविसावा बिट चिन्हाचा असतो. तो ‘एक’ असेल तर माप ऋण समजावे. शेवटचा, चोविसावा बिट इंचाचा. तो ‘एक’ असेल तेव्हा आकडा इंचाच्या दोन हजाराव्या भागात असतो. उदाहरणार्थ २५.४० मिलिमीटर म्हणजे २५४० हा आकडा. तो तारेवर ००११ ०१११ १००१ असा उमटतो आणि पुढे सगळी शून्ये येतात. चार-चारच्या गटांमध्ये किंचित थांबा असतो. सगळा मजकूर साधारण ९ मिलिसेकंदांत संपतो आणि पुढचा येईपर्यंत शंभरएक मिलिसेकंद शांतता असते. या शांततेचाच उपयोग करायचा: क्लॉकच्या दोन कडांमध्ये २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला असेल, तर नवा मजकूर सुरू झाला असे समजून मोजणी पुन्हा शून्यावर आणायची. डेटाची तार क्लॉकच्या ज्या कडेवर बदलते, तिच्या विरुद्ध कडेवर बिट वाचायचा. काही जुन्या व्हर्नियरमधून २४-२४ बिट्सचे दोन गट येतात आणि त्यांचे एककही वेगळे असते. तुमचा त्यातला निघाला तर इथे लिहा, त्याची मांडणी सांगतो.

तापमापी:

तांबेतार यांची रचना योग्यच आहे. तरी ऊनो हाताशी असेल तर ट्रान्झिस्टरशिवायही एक मार्ग आहे, तो मुलीला शिकण्यासाठी सांगतो. एटीमेगा ३२८पीच्या पोटात एक अ‍ॅनालॉग कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा भाग) असतो आणि त्याच्या एका बाजूला चिपमधलाच १.१ व्होल्टचा संदर्भ लावता येतो. दुसरी बाजू म्हणजे बोर्डची सात क्रमांकाची पिन. तिथे क्लॉक थेट जोडला की दीड व्होल्ट १.१ च्या वर आणि शून्य त्याच्या खाली, असा स्वच्छ निवाडा होतो. डेटाची तार अ‍ॅनालॉग पिनवर घेऊन तोच १.१ व्होल्टचा संदर्भ वापरून वाचायची. एका वाचनाला साधारण ११० मायक्रोसेकंद लागतात आणि एका बिटच्या वाट्याला तीनशेहून अधिक येतात, त्यामुळे वेळ पुरतो.

इशारा उलटा न होता हवा असेल तर एलएम ३९३ हा दुहेरी कंपॅरेटरही उत्तम. एका टोकाला दोन सारख्या रेझिस्टरनी सेलच्या निम्मे, म्हणजे ०.७५ व्होल्ट तयार करून द्यायचे, दुसऱ्या टोकाला इशारा, आणि आउटपुटला पुल-अप. एका चिपमध्ये दोन्ही तारांची सोय होते.

तांबेतार:

तापमापी यांचा पहिला मार्ग मला आवडतो, पण वर्कशॉपसाठी मी तो सुचवणार नाही. तो त्या एका चिपशी बांधलेला आहे. उद्या ऊनो जळाला आणि हाताला दुसराच बोर्ड लागला तर सगळे नव्याने लिहावे लागेल. दोन ट्रान्झिस्टर कोणत्याही बोर्डपुढे चालतात. एलएम ३९३ ला माझा अजिबात विरोध नाही.

आणि बोर्डचाच विषय निघाला आहे तर, ऊनोवर प्रयोग जमला की कायमच्या वापरासाठी एटीमेगा ३२यू४ चिपचा छोटा बोर्ड घ्या. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो या नावांनी तो मिळतो. तो संगणकाला कीबोर्ड म्हणून ओळख देतो. पायाने दाबायचा स्विच लावा. पाय दाबला की बोर्ड माप टाइप करेल आणि टॅब देईल, दुसऱ्यांदा दाबला की दुसरे माप टाइप करून एंटर देईल. टॅबने सुरुवात केलेली ओळ एंटरने संपवली की एक्सेल आपणहून पुढच्या ओळीच्या पहिल्या रकान्यात जाते, त्यामुळे व्यास आणि लांबी एकाखाली एक नीट बसतात. वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. संगणकावर मराठी कीबोर्ड चालू राहिला तर आकड्यांच्या जागी भलतीच अक्षरे उमटू शकतात, तेवढे सांभाळा.

शिरोलीकर:

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे मनापासून आभार. मुलीने दोन्ही उत्तरे छापून टेबलासमोर लावली आहेत. आणखी दोन शंका आहेत. हा व्हर्नियर सेल फार लवकर संपवतो, तर बोर्डच्या पाच व्होल्टमधूनच त्याला वीज देता येईल का? आणि नग लेथच्या चकमध्ये धरलेला असतानाच मोजला तर चालेल का? टर्नरला तीच सवय आहे.

तांबेतार:

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

आधी वीज. बंदचे बटण दाबल्यावर या व्हर्नियरचा फक्त डिस्प्ले जातो, आतली मोजणी चालूच राहते. म्हणूनच परत चालू केल्यावर शून्य जागेवर असते आणि म्हणूनच सेल संपतो. बोर्डमधून वीज द्यायची असेल तर एलएम ३१७ (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप) वापरा. १२० ओहम आणि २२ ओहम या जोडीने सुमारे १.४८ व्होल्ट मिळतात. यापेक्षा मोठे रेझिस्टर घेऊ नका, कारण या चिपला स्वतःला ताब्यात राहायलाच काही मिलिअँपिअरचा भार लागतो आणि व्हर्नियर तर मायक्रोअँपिअरमध्ये खातो. भार कमी पडला की व्होल्टेज वर सरकते. १२० ओहममुळे दहा मिलिअँपिअर कायम वाहतात आणि ती चिंता मिटते. सेल काढूनच ही वीज जोडावी, दोन्ही एकत्र कधीही नकोत. जोडण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज तपासा, १.६ च्या वर दिसले तर थांबा.

आता चकमधल्या नगाचे. आधी सुरक्षेची गोष्ट: चक पूर्ण थांबल्याशिवाय जबडे नगाला लावू नयेत, हे मी सांगायला नको. पण विजेचा मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. यातल्या बऱ्याच व्हर्नियरमध्ये पोलादी अंग सेलच्या धन टोकाला जोडलेले असते, ऋण टोकाला नव्हे. तुमचे कसे आहे ते मल्टिमीटरवर दोन मिनिटांत कळेल. तसे असेल तर काय होते पाहा. व्हर्नियरचे ऋण टोक बोर्डच्या ग्राउंडला, तिथून यूएसबीने संगणकाला, आणि संगणक तीन पिनांच्या प्लगने अर्थिंगला. दुसरीकडे लेथचे बेडही अर्थिंगला जोडलेले, चक आणि नग त्याच अंगाचा भाग. जबडा नगाला टेकताक्षणी धन टोकही अर्थिंगला पोचते आणि दीड व्होल्टचा पुरवठा थेट शॉर्ट होतो. डिस्प्ले मावळतो, माप भरकटते, आणि नग सोडला की सगळे पूर्ववत होते. कारण माहीत नसेल तर माणूस व्हर्नियरच बदलतो. एका वर्कशॉपमध्ये असे दोन व्हर्नियर भंगारात गेलेले मी पाहिले. दोन्ही चांगले होते.

यावर सरळ उपाय म्हणजे नग उतरवून लाकडी टेबलावर किंवा रबरी चटईवर मोजणे. मोजमाप यांनी सांगितलेले थंड करण्याचे कामही त्यातच होते. चकवरच मोजायचे असेल तर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा, किंवा एडीयूएम ४१६० या चिपवर बनलेला यूएसबी आयसोलेटर (विजेची थेट जोडणी तोडून फक्त माहिती जाऊ देणारा) मध्ये घाला. तारच नको असेल तर ईएसपी ३२ छोट्या बॅटरीवर ठेवून ब्लूटूथने माप पाठवता येते, पण चार्जिंगची आणखी एक सवय माणसांना लावावी लागते. माझे मत विचाराल तर टेबल.

मोजमाप:

पुढे कधी व्हर्नियर बदलण्याची वेळ आली तर मित्सुतोयोच्या डिजिमॅटिक आउटपुटचा विचार अवश्य करावा. तिथे सगळा व्यवहार लिखित आणि ठरलेला आहे. मजकूर १३ आकड्यांचा, प्रत्येकी चार बिट्स, म्हणजे एकूण ५२ बिट्स. पहिले चार आकडे सगळे ‘एक’च असतात, त्यामुळे सुरुवात ओळखू येते. पाचवा चिन्हाचा, शून्य म्हणजे धन आणि आठ म्हणजे ऋण. मग सहा आकडे मापाचे, बारावा दशांशचिन्हाची जागा सांगतो, आणि तेरावा एकक. तो शून्य असेल तर मिलिमीटर, एक असेल तर इंच. माप आपण मागितल्यावरच येते, सतत वाहत नाही. मागणीची एक वेगळी तार असते, ती ग्राउंडला ओढली की उपकरण उत्तर देते.

तिची जोडणी करताना मागणीची तार बोर्डच्या पिनने पाच व्होल्टवर नेऊ नये. ती आतून दीड व्होल्टला बांधलेली असते, तेव्हा आपण फक्त खाली ओढायचे आणि सोडून द्यायचे. एक ट्रान्झिस्टर ते काम करतो. डेटा आणि क्लॉक ओपन ड्रेन (तारेला फक्त खाली ओढणारे) असल्याने त्यांना बोर्डच्या बाजूने पुल-अप चालतो, पण तो कमकुवत असावा, ४७ किलोओहम घ्या. त्याच मांडणीची मायक्रोमीटर आणि डायल गेजही मिळतात, म्हणजे एकदा लिहिलेला प्रोग्रॅम तिन्ही उपकरणांना चालतो. एच ७ च्या मापांची नोंद उद्या कोणी मागितली, तर तो रस्ता तुमच्यापुढे खुला राहील. आजच्या कामासाठी मात्र तो खर्च करू नका.

शिरोलीकर:

मंडळी, जोडणी झाली आणि आकडे येऊ लागले! ट्रान्झिस्टर लावल्यावर पहिल्याच झटक्यात बोर्डला हालचाल कळली. पण एक विचित्र गोष्ट होत आहे. शेजारच्या टूल रूममधून स्लिप गेज (नेमक्या मापाचे ठोकळे) आणून तपासले. व्हर्नियरच्या डिस्प्लेवर १० मिलिमीटर दिसतात तेव्हा संगणकात २० येतात, २५ ला ५० येतात. शून्याला शून्य बरोबर येते. मुलगी म्हणते आकड्याला दोनने भागून टाकू. मला ते पटत नाही, कारण का होते हे कळल्याशिवाय मी त्यावर रिपोर्ट देणार नाही.

तांबेतार:

तुम्ही थांबलात ते फार योग्य केले. बायनरीत सगळे बिट्स एक घर वर सरकले की आकडा नेमका दुप्पट होतो. म्हणजे मजकुराच्या सुरुवातीला एक जास्तीची कड मोजली जात आहे. पहिला बिट येण्याआधी क्लॉकची तार आपल्या विश्रांतीच्या पातळीवरून उठते, ती उठण्याची कडच तुमचा प्रोग्रॅम पहिला बिट समजत असावा. एका मजकुरात किती कडा मोजल्या जातात ते छापून पाहा, २५ दिसतील. शांततेनंतरची पहिली कड सोडून द्या आणि मोजणी तिच्या पुढच्या कडेपासून सुरू करा. दोनने भागलेत तर सगळ्या वरचा बिट बाहेर पडलेला राहील, आणि इंचाची खूण तिथेच असते. कोणी चुकून इंचाचे बटण दाबले तर प्रोग्रॅमला ते कळणारच नाही आणि रिपोर्टमध्ये इंचाचे आकडे मिलिमीटर म्हणून जातील.

दोन अटी आणखी घाला. मोजलेले बिट्स बरोबर २४ नसतील तर तो मजकूर टाकून द्यावा, आणि पाय दाबल्यावर लागोपाठचे दोन मजकूर सारखे आल्याशिवाय माप टाइप करू नये. जवळपास एखादी मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर) चालत असेल तर तारेवर खोटे ठोके येतात, ते या अटींमध्येच गळून पडतील. तार अर्ध्या मीटरच्या आत आणि शक्यतो शील्ड असलेली घ्या.

शिरोलीकर:

कडा २५ च होत्या. पहिली सोडून दिल्यावर १०, २५, ५० आणि १०० या चारही स्लिप गेजना डिस्प्ले आणि संगणक तंतोतंत जुळले. प्रत्येक गेज दहा-दहा वेळा मोजला. शेवटच्या आकड्यात एखाद्या शतांशाचा फरक पडला तो डिस्प्लेवरही तसाच दिसला. आमच्या व्हर्नियरचे अंग धन टोकालाच निघाले, म्हणून मोजायचे टेबल लेथपासून बाजूला हलवले आहे आणि त्यावर रबरी चटई घातली आहे. वीज सध्या सेलवरच ठेवली आहे, एलएम ३१७ नंतर लावू. इंचाचा बिट ‘एक’ आला तर बोर्ड काहीच टाइप करत नाही आणि लाल दिवा लावतो, ही सोय मुलीने स्वतःहून केली.

काल पहिल्यांदा दोनशे नगांची चारशे मापे थेट एक्सेलमध्ये आली. टर्नरने सुरुवातीला दोन-तीनदा सवयीने वही उघडली, मग बंद करून ठेवली. जोडणीचे चित्र आणि प्रोग्रॅम मुलगी परीक्षा संपल्यावर इथेच टाकेल. त्यात काही सुधारणा सुचत असेल तर निःसंकोच सांगावी.

तापमापी:

त्या चित्रात ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम अवश्य लिहायला सांगा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. प्लास्टिकच्या पीएन २२२२ मध्ये तो नेमका उलटा असतो. दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतो आणि जोडणी चालत नाही.